स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर बदलते, तेव्हा जुन्या फाइलींचे आणि सरावलेल्या हातांचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरचे स्वरलेखन, लिहिण्यासाठी जगभर वापरले जाणारे ‘फिनाले’ हे सॉफ्टवेअर यापुढे विकसित केले जाणार नाही, अशी घोषणा त्याच्या निर्मात्यांनी २६ ऑगस्ट २०२४ रोजी केली. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या या प्रोग्रॅमवर वाद्यवृंदांची, गायनवृंदांची, बँडपथकांची, नाटकांची आणि चित्रपटांची असंख्य पाने लिहिली गेली आहेत. पुणे, मुंबई आणि गोवा येथे स्टाफ नोटेशन लिहून उपजीविका करणारी माणसे फार नाहीत आणि जी आहेत ती बहुधा पडद्यामागेच राहतात. त्यामुळे एक प्रोग्रॅम थांबून दुसरा शिकावा लागणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे त्यांना काम देणाऱ्या संस्थांना, निर्मात्यांना आणि संगीतशिक्षकांनाही पुरेसे ठाऊक नाही, असे मला वारंवार जाणवते. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

मी समूहगान, तंतुवाद्यवृंद आणि बँड यांच्यासाठी संगीत संयोजन करते आणि त्याचे स्वरलेखन स्वतःच संगणकावर करते. माझे पहिले शिक्षण हार्मोनियमवर, भातखंडे पद्धतीच्या, म्हणजे सा-रे-ग अशा अक्षरांत स्वर लिहिण्याच्या, स्वरलिपीत झाले. स्टाफ नोटेशन त्यानंतर शिकले. फिनालेवर माझी अनेक वर्षांची कामे आहेत. ज्या नव्या प्रोग्रॅमकडे मी वळले त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका उत्पादनाविरुद्ध नाही. तो प्रोग्रॅम अनेक बाबतींत जुन्यापेक्षा सरस आहे, हेही मला मान्य आहे. अडचण वेगळीच आहे. ती प्रोग्रॅमच्या गुणदोषांवर अवलंबून नसते आणि म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रथम घोषणेविषयी. पस्तीस वर्षांत साठत गेलेल्या लक्षावधी ओळींच्या संगणकीय संहितेवर नवे काही बांधणे कठीण झाले आहे, असे कारण निर्मात्यांनी दिले. ते अविश्वसनीय नाही. सुरुवातीला असेही जाहीर झाले होते की वर्षभरानंतर हा प्रोग्रॅम नव्या संगणकावर अधिकृतपणे सुरू करून घेता येणार नाही. वापरणाऱ्यांनी जोरदार आक्षेप घेतल्यावर ही अट लगेच मागे घेण्यात आली आणि ‘डोरिको’ हा दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम सवलतीत घेण्याची सोय देण्यात आली. आज जुना प्रोग्रॅम चालतो आहे. परंतु विंडोज किंवा मॅकची प्रत्येक नवी आवृत्ती येताना तो चालत राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून ज्यांना अजून काही वर्षे काम करायचे आहे त्यांना दुसऱ्या प्रोग्रॅमकडे स्थलांतर टाळता येणार नाही.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर म्हणजे पाच रेषांवर टिंबे काढण्याचे साधन नव्हे. स्वर एकमेकांपासून किती अंतरावर बसावेत, आठव्या भागाच्या स्वरांना जोडणारी पट्टी कोठे तुटावी, दांड्या वर जाव्यात की खाली, ओळ कोठे संपावी म्हणजे व्हायोलिनवादकाला पान उलटण्यापुरता विराम मिळेल, हे सारे निर्णय त्यात घ्यावे लागतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा भाग प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, ई-फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनचा ‘मेजर सिक्स्थ’ (सा ते शुद्ध ध) इतका वर. मुख्य स्कोअरमध्ये, म्हणजे सर्व वाद्यांच्या एकत्रित लेखनात, एक स्वर बदलला की तो त्या त्या वादकाच्या पानावर योग्य पट्टीत बदलला पाहिजे. तालमीत दिग्दर्शकाने ‘हे कडवे पुन्हा घेऊ’ म्हटले की थोड्याच वेळात सर्वांच्या हाती नवी पाने द्यावी लागतात. अशा वेळी लिहिणाऱ्याचे डोके संगीताचा विचार करीत असते आणि साधनाचा भार बोटांनी परस्पर उचललेला असतो.

स्थलांतरात पहिल्यांदा हरवते ते बोटांचे हे ज्ञान. फिनालेमध्ये एका मात्रेच्या स्वरासाठी, म्हणजे क्वार्टर नोटसाठी, ५ हा आकडा दाबायचा. ‘म्यूझस्कोअर’ या विनामूल्य प्रोग्रॅममध्येही तो ५ वरच आहे. डोरिकोच्या मूळ मांडणीत तो ६ वर आहे आणि ‘सिबेलियस’च्या पहिल्या कीपॅडवर ४ वर. म्हणजे सवयीने ५ दाबले तर डोरिकोत अर्ध्या मात्रेचा स्वर उमटतो आणि सिबेलियसमध्ये दोन मात्रांचा. ज्याने आयुष्यभर हार्मोनियमवर काळी एकमध्ये साथ केली त्याला ऐन मैफलीत काळी तीनमध्ये वाजवायला सांगावे, तसे हे आहे: राग तोच, बंदिश तीच, ज्ञानही जराही कमी झालेले नाही, पण बोट जुन्याच पट्टीवर जाते. शिवाय हार्मोनियमवाला निदान चुकीचा स्वर लगेच ऐकतो. येथे चुकीचे कालमान पानावर गुपचूप बसते आणि कधी कधी तालमीच्या दिवशी, सोळा वादकांसमोर उघडकीस येते.

आकडे बदलून घेता येतात, शॉर्टकट स्वतःच्या सोयीने बांधता येतात, असे उत्तर यावर मिळते. ते खरे आहे. पण त्याहून खोल असा एक फरक आहे आणि त्याविषयी मला थोडे थांबून लिहायचे आहे. फिनालेच्या शीघ्रलेखनाच्या पद्धतीत आधी स्वर निवडायचा आणि मग त्याचे कालमान सांगायचे. आज बहुतेक प्रोग्रॅम मुळात उलटे चालतात: आधी कालमान निवडा, मग स्वर. वरवर पाहता हा केवळ क्रमाचा प्रश्न आहे. परंतु ज्याचे संगीताचे पहिले संस्कार सरगममधून झाले आहेत त्याच्या मनात स्वर आधी येतो. आपण गुरूकडून ‘ग म ध’ असे ऐकतो, म्हणतो, आणि मग गंधारावर किती थांबायचे ते ठरते. भातखंडे लिपीतही आधी स्वराचे अक्षर लिहितो आणि ते लांबले तर पुढच्या मात्रेत आडवी रेघ ओढतो. स्वराआधी त्याची लांबी जाहीर करणे या विचारपद्धतीला परके आहे. समाधानाची बाब अशी की ‘आधी स्वर, मग कालमान’ हा पर्याय काही नव्या प्रोग्रॅमांत आता निवडता येतो. पण तो कोठे आहे आणि मुळात तो आहे, हे नव्याने आलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. या एकाच सोयीने माझे काम पुन्हा मार्गावर आले. ती सापडेपर्यंतचा काळ मात्र मनस्तापाचा गेला.

तालाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. पाश्चात्त्य प्रोग्रॅमांना चार-चार किंवा तीन-तीनच्या मापाची, म्हणजे दोन उभ्या रेषांमधील मात्रांच्या गटाची, सवय असते. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा दहा मात्रांचा, रूपक तीन-दोन-दोन असा सात मात्रांचा, दीपचंदी तीन-चार-तीन-चार असा चौदा मात्रांचा. दहा मात्रांचे माप लिहिले की स्वरांचे गट कोठे तोडायचे हे प्रोग्रॅम आपल्या नियमाने ठरवतो आणि तो पाच-पाच पाडण्याची शक्यता असते. झपताल पाच-पाचमध्ये छापला तर पान वाचणाऱ्या व्हायोलिनवादकाला तालाचा तोल लागत नाही, आणि त्याच्या वाजवण्यातही तो दिसत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये हे विभाग कसे पाडायचे, हे आम्ही कधीतरी शोधून एक नमुना-फाइल बनवून ठेवलेली असते आणि पुढची प्रत्येक रचना तिच्यावर लिहिली जाते. नव्या प्रोग्रॅममध्ये विभाग सांगण्याची सोय अधिक चांगली असते, हे मी अनुभवाने सांगते. तरीही पहिल्या दिवशी हाताशी काहीच नसते, आणि वर्षानुवर्षे बनवलेले नमुने दुसरीकडे उघडत नाहीत.

अनिबद्ध, म्हणजे तालात न बांधलेल्या, संगीताचा प्रश्न याहून बिकट. आलापाला ताल नाही, म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये आम्ही एक भलेमोठे माप घेऊन त्याचे तालचिन्ह आणि उभ्या रेषा लपवत असू. छापील पानावर ते निर्दोष दिसे. तीच फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये आणली की लपवलेले तालचिन्ह पुन्हा डोके वर काढते आणि एक लांब स्वर दोन-तीन तुकड्यांत मोडून, टायने (स्वर जोडणाऱ्या कमानीने) बांधून समोर येतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, दाखवण्यासाठी कोणी तिरपी रेघ वापरली असेल, कोणी स्वतः काढलेली वक्ररेषा. कण स्वरासाठी (ओझरत्या स्पर्शाच्या स्वरासाठी) कोणी लहान स्वर घातला असेल, आंदोलनासाठी (स्वराच्या संथ हेलकाव्यासाठी) कोणी नागमोडी रेघ स्वतः आरेखित केली असेल. भारतीय संगीतासाठी तयार चिन्हे नसल्यामुळे प्रत्येक स्वरलेखकाने आपापला चिन्हसंग्रह उभारला. हे संग्रह म्हणजे आमच्या कामाचा अर्धा जीव आहे आणि स्थलांतरात नेमके तेच गळून पडतात. स्वर येतात, कालमान येते, पण ज्यामुळे ते पान यमन रागाचे वाटत होते ते येत नाही.

आणि शब्द. मराठी गीत स्टाफखाली लिहायचे तर प्रत्येक अक्षरगट संबंधित स्वराखाली बसवावा लागतो. ‘विठ्ठल’ हा शब्द ‘विठ्-ठल’ असा तोडायचा की ‘वि-ठ्ठल’ असा, हे गायकाच्या उच्चाराचा विचार करून लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. फिनालेमध्ये युनिकोडची, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांसाठीच्या जागतिक संकेताची, सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या कामात देवनागरी हवी असेल तर जुन्या डीटीपी फॉन्टांचा आधार घ्यावा लागे. वाचकांपैकी ज्यांनी जुन्या मराठी फाइली नव्या संगणकावर उघडल्या असतील त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल: फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसते. गीताच्या फाइलीत ही रास एकेका स्वराखाली विखुरलेली असते, त्यामुळे मजकूर एकगठ्ठा रूपांतरित करून परत ठेवणे सोपे राहत नाही. एका दहा मिनिटांच्या समूहगानातील चारही आवाजांचे शब्द पुन्हा बसवणे म्हणजे ते गीत जवळजवळ नव्याने लिहिणे होय.

अडल्यावर मदत शोधावी म्हटले तर शोधायचे काय हेच कळत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या गोष्टीला जे नाव होते ते नव्यात नसते, आणि नवे नाव ठाऊक नसेपर्यंत मदतपुस्तिकेत ती गोष्ट सापडत नाही. या प्रोग्रॅमांची मराठीतील मदतपुस्तिका माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजी वाचण्याची सवय नसलेले, परंतु उत्तम स्टाफ नोटेशन लिहिणारे बँडमास्तर आणि चर्चमधील वादक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी ही भिंत माझ्यापेक्षा कितीतरी उंच आहे.

आता व्यवहाराचा मुद्दा. स्वरलेखनाचे काम पानांवर किंवा रचनेवर ठरवले जाते. लागलेल्या तासांवर नाही. ध्वनिमुद्रणाची तारीख, नाट्यगृहाची तारीख, शाळेच्या स्नेहसंमेलनाची तारीख आधीच ठरलेली असते. ज्याला एका संध्याकाळी जे काम पुरे करता येत होते त्याला तेच काम रात्र जागूनही पुरे होत नाही, तेव्हा काम देणाऱ्याला दिसतो तो फक्त उशीर. अनेक वर्षांच्या अनुभवी माणसाला आपण अचानक मंद झालो आहोत असे वाटू लागते आणि त्याहून वाईट म्हणजे तसे इतरांनाही वाटू लागते. नवशिक्याला हा त्रास होत नाही. त्याला विसरायचे काही नसते. ज्याचा हात सर्वांत तयार, त्यालाच सर्वाधिक अडखळावे लागते. म्हणून ‘वयामुळे नवे शिकता येत नाही’ हा जो शेरा अशा वेळी सहज मारला जातो तो मला अन्यायकारक वाटतो. सारंगीवरून व्हायोलिनकडे वळणाऱ्या कलावंताला आपण वेळ देतो, त्याच्या धडपडीचे कौतुकही करतो. संगणकावरील साधन बदलणाऱ्या स्वरलेखकाला मात्र कोणी वेळ देत नाही, कारण त्याचे साधन हे वाद्यासारखे हातात मुरवावे लागते हेच मान्य केले जात नाही.

यात नवे काही नाही, असेही कोणी म्हणेल. काही अंशी ते बरोबर आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले लेलंड स्मिथ यांचा ‘स्कोअर’ हा प्रोग्रॅम संगीतप्रकाशकांनी वर्षानुवर्षे वापरला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्या प्रोग्रॅमवर हात बसलेल्यांनाही कधी ना कधी दुसरीकडे वळावे लागलेच. म्यूझस्कोअरने आपल्या संगीतचिन्हांच्या फॉन्टला त्यांचे नाव दिले आहे. सिबेलियस १९९३ मध्ये ब्रिटनमधील एकॉर्न संगणकांसाठी निघाले. पुढे त्याची मालकी बदलली, २०१२ मध्ये त्याचे लंडनमधील कार्यालय बंद झाले, आणि तेथील मंडळींनी दुसऱ्या कंपनीत जाऊन २०१६ मध्ये डोरिको आणले. म्हणजे आज ज्याच्याकडे आपण स्थिर समजून वळतो आहोत तो प्रोग्रॅमही अशाच एका बंद झालेल्या कार्यालयातून जन्मला आहे. संगणकाच्या आधीच्या पिढीचे चित्र पाहा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्टाफ नोटेशन रुजवण्यात गोव्याहून आलेल्या वादक-संयोजकांचा मोठा वाटा आहे. पोर्तुगीज काळातील गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी जे लिहिले ते कागदावर, हाताने. त्या कागदांचे जतन पुरेसे झाले नाही ही खंत आहेच. पण त्यांतले जे पान आज हाती येईल ते वाचण्यासाठी कोणत्याही कंपनीच्या परवानगीची गरज पडणार नाही. माझ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइलीबाबत मी असे म्हणू शकत नाही.

यावर एक उपाय अस्तित्वात आहे आणि त्याची माहिती आपल्याकडे फारच थोड्यांना आहे, म्हणून ती येथे देते. ‘म्यूझिक-एक्सएमएल’ हे स्वरलेखनाच्या फाइलीचे एक खुले स्वरूप आहे. मायकेल गुड यांनी ते तयार केले, त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, आणि २०१५ पासून त्याची देखभाल वेबचे मानक ठरवणाऱ्या ‘डब्ल्यू-थ्री-सी’ या संस्थेच्या छत्राखालील गटाकडे आहे. फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोअर हे सगळे प्रोग्रॅम ते लिहू आणि वाचू शकतात. फिनालेमध्ये तर संपूर्ण फोल्डरमधील फाइली एकदम या स्वरूपात काढण्याची सोय आहे. या स्वरूपातून स्वर, कालमान, शब्द, जोर आणि हळू-मोठ्याची चिन्हे बऱ्यापैकी सुखरूप जातात. पानाची मांडणी, स्वतः बनवलेली चिन्हे आणि वर सांगितलेल्या लपवाछपवीच्या युक्त्या जात नाहीत, किंवा अर्धवट जातात. म्हणून म्यूझिक-एक्सएमएलसोबत त्याच रचनेची पीडीएफही ठेवणे आवश्यक आहे: एकीत संगीताचा मजकूर टिकतो, दुसरीत पानाचे रूप. एकीवरून दुसरी तपासून घेता येते.

हे फक्त स्टाफ नोटेशनवाल्यांचे दुखणे आहे असे आपल्या शास्त्रीय संगीताच्या शिक्षकांनी समजू नये. बंदिशींच्या स्वरलिपी आज घरोघर संगणकावर आणि मोबाइलवर लिहिल्या जातात आणि तेथेही साधन बदलताना हाच मनस्ताप आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. अनेक शिक्षक ही रेघ शब्द अधोरेखित करण्याच्या बटणाने काढतात. तो मजकूर उचलून मोबाइलवरील संदेशात टाकला की अधोरेखन गळते आणि रेघ जाते. भैरवीतले रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही कोमल स्वर क्षणात शुद्ध होतात आणि विद्यार्थ्याच्या हाती बिलावलचे सप्तक पडते. जाणकाराच्या ते ध्यानात येईल. प्रारंभिक परीक्षेला बसलेल्या मुलाच्या येणार नाही. वेदपठणातील स्वरांसाठी युनिकोडमध्ये अक्षराखालच्या आडव्या रेघेला आणि अक्षरावरच्या उभ्या रेघेला स्वतंत्र जागा आहेत. त्या वापरल्या तर कोमल रिषभ ‘रे॒’ असा आणि तीव्र मध्यम ‘म॑’ असा लिहिता येतो, आणि ती रेघ अक्षराबरोबर सर्वत्र प्रवास करते. तार (वरच्या) सप्तकाचे टिंब अनुस्वाराने आणि मंद्राचे (खालच्याचे) नुक्त्याने, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाने, भागवता येते. एका मात्रेत येणारे स्वर बांधणारी खालची अर्धचंद्र रेषा मात्र साध्या मजकुरात नीट बसत नाही. ती आजही बहुतेक जण वेगळी काढतात आणि तीच फाइल हलवताना सर्वांत आधी विस्कटते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीची चिन्हे वेगळी, तालातील ‘सम’ आणि ‘खाली’ दाखवण्याच्या खुणाही वेगळ्या. दोन्ही पद्धती विद्यार्थ्यांना अभ्यासाव्या लागतात, पण दोन्ही संगणकावर कशा लिहाव्यात याचा सर्वमान्य संकेत नाही. प्रत्येक वर्गात वेगळी युक्ती चालते, आणि शिक्षक बदलला की आधीच्या शिक्षकाच्या फाइली निरुपयोगी होतात.

या सर्व पार्श्वभूमीवर माझ्या काही विनंत्या आहेत. ज्या संस्था, शाळा, नाट्यसंस्था, चर्च आणि निर्माते स्वरलेखनाचे काम देतात त्यांनी काम स्वीकारताना छापील पानांसोबत म्यूझिक-एक्सएमएल आणि पीडीएफ या दोन्ही फाइली मागून घ्याव्यात आणि त्या स्वतःच्या संग्रहात ठेवाव्यात. आज बहुतेक ठिकाणी मूळ फाइल एकट्या स्वरलेखकाच्या संगणकावर असते. तो संगणक बिघडला, किंवा तो माणूस राहिला नाही, तर संस्थेकडे फक्त झेरॉक्सची झेरॉक्स उरते. स्वरलेखक सॉफ्टवेअर बदलत असल्याचे सांगत असेल तर पहिल्या काही कामांना मुदत वाढवून द्यावी, आणि जुन्या रचना नव्या प्रोग्रॅममध्ये आणून तपासणे हे स्वतंत्र, मोबदला देण्याजोगे काम मानावे. ‘बटण दाबले की येते ना सगळे?’ हा प्रश्न आम्हाला फार वेळा ऐकावा लागतो. येत नाही. प्रत्येक पान स्वरास्वराने वाचावे लागते.

गोव्याच्या कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग यांसारख्या ठिकाणी स्वरलेखनाच्या कार्यशाळा व्हाव्यात, आणि त्या मराठी व कोंकणीतून व्हाव्यात. त्यांत एका प्रोग्रॅमची बटणे पाठ करून घेऊ नयेत. मापाचे विभाग कसे कळवायचे, वादकांची पाने कशी वेगळी काढायची, फाइल खुल्या स्वरूपात कशी ठेवायची, शॉर्टकट आपल्या हाताला जुळतील असे कसे बदलायचे, हे शिकवले तर विद्यार्थी कोणत्याही प्रोग्रॅमपुढे बसला तरी हतबल होणार नाही. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धतींसाठी युनिकोडमधील लेखनाचा एक संकेत ठरवून जाहीर करावा. त्यासाठी अर्धचंद्रासह सर्व चिन्हे असलेला एक मुक्त फॉन्ट तयार करणे हे राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य आणि मराठी भाषा या विभागांनी मनावर घेतले तर कठीण नाही. मराठी टंकतज्ज्ञ आणि संगीततज्ज्ञ एकत्र बसले पाहिजेत, इतकेच.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना शेवटची विनंती. ज्यांच्याकडे फिनालेच्या जुन्या फाइली आहेत त्यांनी तो प्रोग्रॅम ज्या संगणकावर आज व्यवस्थित चालतो आहे तो संगणक अद्ययावत करण्याची घाई करू नये. आधी सर्व फोल्डर म्यूझिक-एक्सएमएलमध्ये काढून घ्यावेत, प्रत्येक रचनेची पीडीएफ करावी, आणि सर्वांत जुन्या, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी गीतांपासून सुरुवात करावी. कारण ज्या फॉन्टांत त्यांचे शब्द लिहिलेले आहेत ते फॉन्टही त्याच जुन्या संगणकावर असतील. लपवलेली तालचिन्हे आणि स्वतः काढलेली मींडेची चिन्हे कोणत्या रचनेत आहेत याची नोंद सोबत ठेवावी, म्हणजे नव्या ठिकाणी काय शोधायचे ते कळेल. ज्यांना हे काम एकट्याने जमणार नाही अशा ज्येष्ठ संयोजकांकडे आणि बँडमास्तरांकडे त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसावे आणि फाइली उघडताना त्यांच्याकडून प्रत्येक रचनेची माहितीही लिहून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक संगीत संयोजक व स्वरलेखिका, पुणे